मंत्रालयातल्या खरेदीदारांना: बांबू लावायला पैसे देता, मग बांबूचा माल का घेत नाही?

प्रति,
मा. प्रधान सचिव (उद्योग),
मा. सचिव, सार्वजनिक बांधकाम विभाग,
आणि जिल्ह्याजिल्ह्यांत खरेदी समितीवर बसणारे सर्व अधिकारी,
महाराष्ट्र शासन

विषय: शासकीय खरेदीत जैवाधारित वस्तूंना प्राधान्य देण्याबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात राहते. बांबूकाम करणाऱ्या बायकांच्या एका गटाची सचिव आहे. कोयता चालवणाऱ्या बायका वेगळ्या, माझ्या वाट्याला कागद आले. उद्यम नोंदणी, जीएसटी, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरचं खातं, निविदेचे दोन लिफाफे, बयाणा रक्कम आणि शेवटी बिलामागच्या फेऱ्या. शासन माल कसा विकत घेतं, हे त्यामुळे मला विकणाऱ्याच्या बाजूने जवळून दिसतं. ते आपल्यापर्यंत आणि लोकांपर्यंत एकाच वेळी पोचावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. बांधावर, शेतात आणि जंगलात उगवणाऱ्या कच्च्या मालाच्या वस्तूंना, म्हणजे बांबू, काथ्या, ताग, कापूस, उसाची चिपाडं, केळीचं खोड यांपासून केलेल्या जैवाधारित वस्तूंना, सरकारी खरेदीत नियमाने प्राधान्य द्या. नुसतं परिपत्रक काढून भागणार नाही. खरेदीच्या नियमपुस्तिकेत, दरसूचीत आणि निविदेच्या तांत्रिक अटींत ते लिहिलेलं असायला हवं.

एका नगरपालिकेतला अनुभव सांगते. तिचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही घडू शकतं. रस्त्याकडेला लावलेल्या झाडांसाठी ट्री गार्ड घ्यायचे होते. आमचा गट ते करतोच. माणगा जातीचा बांबू आमच्याकडे घरोघरी आहे. तो भरीव असतो, खुंट्यांना उत्तम. पाऊस सरल्यावर बेटातली पक्की, तीन वर्षांची काठी बघून तोडायची, कोवळ्याला हात लावायचा नाही. बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे भुंगा लागत नाही. मग सावलीत वाळवायची. चार खुंटे, त्यांना कामट्यांची वीण, उंची साधारण माणसाच्या खांद्याएवढी. जमिनीत जाणारं टोक जाळून काळं करून घ्यायचं. असा गार्ड दोन-तीन पावसाळे नीट उभा राहतो. तोवर झाडाचा शेंडा गुरांच्या तोंडापलीकडे गेलेला असतो. पुढे गार्ड जागच्या जागी कुजतो आणि त्याच झाडाच्या मुळाशी जातो. काढायला माणूस लागत नाही, उचलायला गाडी लागत नाही.

निविदेत मात्र लोखंडी पट्टीची जाडी, रुंदी, वेल्डिंग, रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन हात, असं सगळं बारकाईने लिहिलेलं. आमचा दर लोखंडी गार्डच्या निम्म्याहून कमी होता. तो कुणी वाचलाच नाही. दराचा लिफाफा उघडण्याआधी, तांत्रिक छाननीतच आम्ही बाद झालो. शेरा होता, ‘वस्तू विनिर्देशाप्रमाणे नाही.’ मी टेबलावर जाऊन विचारलं. तिथले भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, अंदाजपत्रकात लोखंड आहे. मी बांबू घेतला तर ऑडिटला उत्तर मी द्यायचं का?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

लोखंडी गार्डचं पुढे काय होतं, ते कुठल्याही जुन्या रस्त्याने चालत गेलं की दिसतं. बुंधा फुगतो, पट्टी सालीत रुतते, हळूहळू झाडाच्या अंगात जाते. वेळेवर कुणी काढत नाही, कारण काढण्यासाठी वेगळी तरतूद लागते. आज कितीतरी गावांत तरुण मुलं रविवारी कटर घेऊन झाडांच्या बुंध्यांतल्या जाळ्या सोडवत फिरतात. झाड वाचावं म्हणून सरकारी पैशाने घेतलेली वस्तू झाडाच्याच गळ्याशी येते, आणि तिचं मोल दुप्पट मोजलेलं असतं.

महोदय, खरेदी निविदा उघडण्याच्या दिवशी ठरत नसते. ज्या दिवशी एखादा कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करायला बसतो, त्या दिवशी ती ठरलेली असते. त्याच्यासमोर दरसूची असते. दरसूचीत ज्या बाबीला क्रमांक आणि दर आहे ती तो उचलतो. जी नाही ती घ्यायची तर दर पृथक्करण करा, म्हणजे साहित्य-मजुरी धरून दर कसा आला ते मांडा, तीन दरपत्रकं मागवा, वरिष्ठांची मान्यता घ्या आणि वर्षअखेरीस ऑडिटच्या परिच्छेदाची धास्ती बाळगा. एवढं कोण करेल? लोखंड, सिमेंट, पीव्हीसी, पॉलिस्टर यांची दरसूचीतली जागा पक्की आहे. म्हणजे प्राधान्य आजही दिलं जातंच आहे. ते खनिज तेलापासून आणि खाणीतून आलेल्या वस्तूंना दिलं जातंय, आणि ते कुणी ठरवून दिलेलं नाही, वहिवाटीने चालत आलंय.

म्हणून माझी पहिली विनंती सार्वजनिक बांधकाम विभागाला आहे. वस्तू कशाची हवी हे लिहिण्याआधी तिने काय काम करायचं ते लिहा. ‘ट्री गार्ड: उंची इतकी, गुराचा धक्का सोसणारा, किमान इतकी वर्षं टिकणारा, झाड वाढल्यावर झाडाला इजा न करणारा.’ एवढं लिहिलंत तरी आम्हाला दार उघडतं. मग लोखंडवाल्याने आमच्याशी खुशाल स्पर्धा करावी. आम्हाला सूट नको, मैदान हवं.

बांबूला मानकं नाहीत, असं सांगून बोलणं संपवण्याची पद्धत आहे. ते खरं नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत इमारती लाकडाबरोबर बांबूचा स्वतंत्र विभाग आहे. बांबूच्या बांधकामाच्या संरचनेसाठी आयएस 15912 हे भारतीय मानक आहे, बांबू चटईच्या बोर्डसाठी आयएस 13958 आहे, बांबूच्या परिरक्षणासाठी, म्हणजे तो टिकवण्यासाठी, आयएस 9096 आहे. नव्या संसद भवनात त्रिपुराच्या बांबूची फरशी आहे. बंगळुरूच्या विमानतळाचं दुसरं टर्मिनल आतून बांबूने मढवलेलं आहे. आपल्याच विदर्भात वणी-वरोरा रस्त्यावर 2023 मध्ये 200 मीटर लांबीचा बांबूचा संरक्षक कठडा बसवला. त्याआधी पीथमपूरच्या वाहनचाचणी केंद्रात आणि रुरकीच्या इमारत संशोधन संस्थेत त्याच्या चाचण्या झाल्या. महामार्गावर गाडीची धडक झेलायला बांबू चालत असेल, तर नगरपालिकेच्या बागेत शेळीपासून रोप राखायला तो कमी पडेल असं कुणी म्हणू नये.

आता दराबद्दल. ट्री गार्डमध्ये आम्ही स्वस्त होतो, पण प्रत्येक वस्तूत असू असं नाही. बांबू बोर्डचं कपाट, काथ्याची जमिनीत अंथरायची जाळी, सुती पडदे, हे पहिल्या दिवशी महाग पडतात. सर्वांत कमी दर भरील त्याला काम, या पद्धतीत पहिल्या दिवसाचा खर्च तेवढा मोजला जातो. वस्तू किती वर्षं चालली, दुरुस्ती गावात झाली की मुंबईला पाठवावी लागली, टाकून देताना काय खर्च आला, हे कुठल्याच तुलनात्मक तक्त्यात येत नाही.

आणि न्यूनतम दराच्या नियमाला अपवाद करणं शासनाला नवीन नाही. केंद्राच्या 2012 च्या आदेशाने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी वार्षिक खरेदीतला 25 टक्के हिस्सा राखला गेला आहे (आधी तो 20 टक्के होता), आणि 358 वस्तू तर फक्त त्यांच्याकडूनच घ्यायच्या आहेत. लघुउद्योगाचा दर न्यूनतम दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर त्याला दर खाली आणून पुरवठ्यात वाटा घेण्याची संधी मिळते. 2017 च्या आदेशाने देशी बनावटीच्या मालाला प्राधान्य मिळालं. आपल्या राज्यातही उद्योग विभागाची 1 डिसेंबर 2016 ची कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका आहे, तिचा हवाला निविदेनिविदेत आम्ही वाचतो. त्याच पुस्तिकेत एक प्रकरण वाढवायचं आहे. 15 टक्क्यांची जी सवड लघुउद्योगाला आहे, तीच जैवाधारित मालाला द्या. तिजोरीवर काही कोसळणार नाही, कारण अखेरीस माल न्यूनतम दरानेच घेतला जातो.

सरकारच्या खरेदीने काय घडू शकतं, हे आपल्या पश्चिम महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. 2014 मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. ते 2025 मध्ये 20 टक्क्यांवर आलं. हे कारखानदारांना भाषणं देऊन झालं नाही. तेल कंपन्या घेणार, किती घेणार आणि काय भावाने घेणार, हे आधी जाहीर झालं. बँकेत दाखवायला खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं, म्हणून गावोगावच्या कारखान्यांनी कर्ज काढून इथेनॉलच्या आसवन्या (डिस्टिलऱ्या) उभ्या केल्या. आणि याच गोष्टीची दुसरी बाजूही आपण पाहिली. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने त्या हंगामापुरता उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी मज्जाव केला. हंगाम ऐन सुरू होता, टाक्या भरलेल्या होत्या. पुढे सवलती दिल्या, बंदीही उठली, पण त्या महिन्यात ज्यांचे हप्ते थकले त्यांना विचारा. खरेदीचं आश्वासन द्यायचं तर ते निदान पाच वर्षं टिकलं पाहिजे.

तागाची गोष्ट याहून जुनी आहे. 1987 च्या कायद्याने अन्नधान्य आणि साखरेसारखा माल तागाच्या पोत्यात भरणं बंधनकारक झालं. आजही अन्नधान्य शंभर टक्के आणि साखर किमान 20 टक्के तागात भरण्याचा दंडक आहे. म्हणजे बंगालमधला ताग उत्पादक जगावा म्हणून महाराष्ट्रातली साखर तागाच्या पोत्यात जाते. आमच्याकडच्या कारखान्यांची त्यावर नाराजी आहे, पण मला त्यात गैर वाटत नाही. देश असाच चालतो. मात्र त्या कायद्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पोती कमी पडली की केंद्र सरकार ठरावीक नगांपुरती, ठरावीक मुदतीपुरती प्लास्टिकच्या पोत्यांना लेखी सूट देतं. सूट द्यायची तर अशी, मोजून आणि कागदावर. दुसरी गोष्ट कटू आहे. गिऱ्हाईक कायमचं बांधलेलं असल्याने तागाच्या गिरण्यांनी नवा माल काढण्यात फारशी हुशारी दाखवली नाही. प्राधान्य मिळालेल्याने दर्जा वाढवत राहिलं पाहिजे, ही अट आमच्यावरही घाला. आम्ही ती मानतो.

प्राधान्य काढून घेतलं की काय होतं, त्याचं उदाहरण द्यायला मला जड जातं, पण देते. राष्ट्रध्वज खादीचाच, हा कित्येक वर्षांचा नियम होता. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज तयार होतात, तिथे ध्वजाचं काम म्हणजे पोटाचा आधार. 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावरचा, पॉलिस्टरचा ध्वजही चालेल असं ठरलं. लगेच पुढच्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लावायची मोहीम आली. मोहीम चांगली होती. पण विदर्भात कापूस पिकवणाऱ्याला भाव नाही म्हणून आपण अधिवेशनात चर्चा करतो आणि देशाचा सगळ्यात मानाचा कपडा खनिज तेलाच्या धाग्याचा घेतो, हे मला अजून पचलेलं नाही. नियमातली एक ओळ बदलली की माणसांच्या हातचं काम जातं. तशीच एक ओळ घातली की येतंही.

परदेशातलं एक उदाहरण आपल्या कामाचं आहे. अमेरिकेने 2002 च्या शेती कायद्यात सरकारी खात्यांना जैवाधारित वस्तू प्राधान्याने घेण्याचं बंधन घातलं. तिथे तो कार्यक्रम ‘बायोप्रिफर्ड’ नावाने चालतो आणि तो चालवतं कृषी खातं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण शेतमालाला नवं गिऱ्हाईक मिळवून देणं हा त्याचा उघड हेतू आहे. कायदा 2002 चा, पण वस्तूंची पहिली यादी यायला 2006 उजाडलं, आणि तीत फक्त सहा वर्ग होते. यंत्रांचं हायड्रॉलिक तेल, छतावरचा लेप, पाण्याच्या टाकीचा लेप, डिझेलमध्ये मिसळायचं द्रव्य, गंजलेले नटबोल्ट सोडवायचं वंगण, आणि चादरी-टॉवेल. प्रत्येक वर्गाला वनस्पतिजन्य अंशाची किमान मर्यादा ठरवून दिली. वंगणात 68 टक्के, हायड्रॉलिक तेलात 44 टक्के, चादरींत अवघी 12 टक्के. जिथे जेवढं जमतं तेवढंच मागितलं. पुढे यादी वाढत शंभराच्या पार गेली.

तिथे खात्याला नाही म्हणायची मुभा आहे, पण तीनच कारणांनी. माल वाजवी वेळेत मिळत नाही, कामाला पुरा पडत नाही, किंवा किंमत अवाजवी आहे. आपल्याकडेही ही तीन कारणं पुरेत. मात्र जो अधिकारी त्यांतलं कारण वापरेल त्याने ते नस्तीवर (फाइलवर) लिहावं आणि विभागाने वर्षातून एकदा अशा सगळ्या नकारांची यादी संकेतस्थळावर टाकावी. आज आम्हाला नकार मिळतो तेव्हा तो कुणी दिला हेच कळत नाही.

त्यांची एक चूक मात्र आपण करू नये. ज्या वस्तू आधीपासून बाजारात मुरलेल्या आहेत, उदाहरणार्थ साधं लाकूडकाम, त्यांना सुरुवातीला त्या कार्यक्रमातून बाहेर ठेवलं होतं. नव्या शोधांना उत्तेजन द्यावं हा हेतू. 2014 च्या कायद्याने ती अट सैल झाली आणि लाकडाच्या वस्तूही आत आल्या. आपण हाच नियम सुरुवातीला लावला तर मक्यापासून केलेलं महागडं प्लास्टिक प्राधान्य घेऊन जाईल आणि बुरडाची टोपली जुनी म्हणून दाराबाहेर राहील. गावोगावचा बुरूड समाज पिढ्यान्पिढ्या हेच काम करत आला. सूप, टोपली, तट्ट्या, कणगी. प्लास्टिकने त्यांचा बाजार आमच्या डोळ्यांदेखत नेला. नियम त्यांच्यासाठी आधी असावा, प्रयोगशाळेतल्या मालासाठी नंतर.

खोट्या मालाची भीती रास्त आहे. 23 मार्च 2018 ला राज्याने प्लास्टिकबंदी आणली, 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर देशभर बंदी आली, आणि बाजारात हिरव्या पानाचं चित्र छापलेल्या पिशव्यांचा सुळसुळाट झाला. आतून प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कपही पर्यावरणाच्या नावावर खपले. बंदीने काय घ्यायचं नाही ते सांगितलं, काय घ्यायचं ते सांगितलं नाही, आणि ती मोकळी जागा ठगांनी भरली. शिवाय वनस्पतीपासून केलेली प्रत्येक वस्तू मातीत कुजतेच असं नाही, आणि कुजणारी प्रत्येक वस्तू वनस्पतीचीच असते असंही नाही. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, निविदेत त्या वेगळ्याच लिहा. वनस्पतिजन्य अंश कार्बन-14 मोजून कळतो. आत्ता उगवलेल्या झाडात तो असतो, कोट्यवधी वर्षं जमिनीत राहिलेल्या खनिज तेलात उरलेला नसतो. हे मोजणाऱ्या यंत्रणा अहमदाबादला आणि दिल्लीला आहेत. मिश्र मालासाठी, म्हणजे लेप, वंगण, पिशव्या यांच्यासाठी ही चाचणी मागा. बांबूच्या टोपलीला आणि काथ्याच्या पायपुसण्याला कृपा करून मागू नका. चाचणीच्या शुल्कातच आमच्या बायकांची मजुरी जाईल. त्यांना मागायचंच तर परिरक्षण कशाने केलं ते विचारा. आर्सेनिक असलेली द्रव्यं वापरून बांबू टिकवणारे आहेत, तसला माल शाळेत किंवा अंगणवाडीत जाता कामा नये.

‘एवढा माल तुम्ही देऊ शकाल का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कच्चा माल आहे आणि वाढतो आहे. 2017 मध्ये वन कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे वनाबाहेरच्या जमिनीवरच्या बांबूची तोड आणि वाहतूक मोकळी झाली. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला 2011 मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना मिळाला, तो द्यायला केंद्रीय मंत्री गावात आले होते. त्यानंतर तिकडच्या कितीतरी ग्रामसभा बांबूचा लिलाव करून व्यवहार सांभाळू लागल्या. अटल बांबू समृद्धी योजनेतून रोपं मिळतात, रोजगार हमीतून लागवड होते, 2025 मध्ये मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरण मंजूर केलं. लावलेलं बेट चार-पाच वर्षांत तोडीला येतं. म्हणजे आत्ता ज्या शेतकऱ्याला आपण अनुदान देऊन बांबू लावायला सांगितलंत, तो दशक संपायच्या आत काठ्या घेऊन बाजारात उभा राहणार आहे. त्या वेळी गिऱ्हाईक कोण असेल? आज आमच्याकडचा चांगला माणगा टोमॅटो आणि द्राक्षाच्या आधाराला आणि बांधकामाच्या परांचीला काठीच्या भावाने ट्रकमध्ये भरून जातो. त्याच काठीचा गार्ड, बाक, कुंपण, फाइलचा ट्रे झाला तर मजुरी गावात राहते. सरकार हे राज्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. शाळा, दवाखाने, अंगणवाड्या, रोपवाटिका, विश्रामगृहं, कार्यालयं.

रोपवाटिकेचंच घ्या. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडं लावायचा संकल्प केला होता. सरकारी रोपवाटिकांतलं रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत वाढतं. लावताना पिशवी फाडतात आणि तिथेच टाकतात, डोंगरउतारावर त्या वर्षानुवर्षं पडलेल्या दिसतात. घाईत काही वेळा पिशवीसकट रोप पुरलं जातं आणि मुळं आतल्या आत गोल फिरतात. इकडे वेंगुर्ल्याला नारळाच्या सोडणांतून काथ्या काढून त्याच्या कुंड्या करता येतात, कुंडीसकट रोप लावता येतं, मुळं भिंत फोडून बाहेर येतात. सगळी रोपं एका वर्षात काथ्यात हलवा असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी शंभरातली पाच हलवा. ग्रामीण रस्त्यांसाठी केंद्राने 2020 मध्ये हाच मार्ग घेतला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत नव्या तंत्राने करायच्या 15 टक्के लांबीपैकी 5 टक्के लांबी काथ्याच्या जाळीने करायची असं ठरवून दिलं. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण काथ्या काढणाऱ्या बाईला यंत्र घ्यायचं की नाही ते ठरवायला तेवढा भरवसा पुरतो.

पुरवठ्याची खरी अडचण वेगळीच आहे. जिल्ह्याभराची खरेदी एकाच निविदेत बांधली जाते, मग वार्षिक उलाढालीची अट येते, गेल्या तीन वर्षांत अशाच मालाचा अमुक रकमेचा पुरवठा केल्याचा दाखला मागितला जातो. जो माल सरकारने कधी घेतलाच नाही, त्याच्या सरकारी पुरवठ्याचा दाखला आणायचा कुठून? तालुक्यावार छोटे भाग करा. चार गट मिळून एक भाग उचलतील. आमच्या मालाची मापं एकसारखी यायला हवीत, ही आमची जबाबदारी. कुडाळला बांबूचं तंत्र शिकवणारं केंद्र 2004 पासून आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. साचे तिथून घेऊ, माप तपासून देऊ.

आणि बिलं. याबद्दल मी थोडक्यात लिहिणार होते, पण आमच्या बायका म्हणाल्या की हेच आधी लिही. सूक्ष्म, लघु उद्योगाचं देणं 45 दिवसांत द्यावं, नाही दिलं तर बँक दराच्या तिपटीने चक्रवाढ व्याज, असं 2006 चा कायदा सांगतो. एका कार्यालयाकडे आमचं बिल मार्चनंतर अडकलं. निधी परत गेला, पुढच्या तरतुदीची वाट बघा, असं उत्तर मिळालं. व्याज मागायची आमची छाती नाही, कारण पुढचं कामही त्याच दारात मागायचं असतं. मोठा पुरवठादार असा उशीर पचवतो. आमच्यातल्या बाईला तो पचवता येत नाही, कारण त्या पैशात मुलाची फी असते. जून आला की ती बांबूचं काम सोडून भाताच्या रोजंदारीला जाते, आणि एकदा मोडलेला गट पुन्हा उभा करायला फार वेळ लागतो. प्राधान्याच्या नियमात जैवाधारित मालाच्या लहान बिलांसाठी पैसा आधी बाजूला काढून ठेवण्याची तरतूद करा. ती नसेल तर बाकीचं सगळं करूनही हा माल पुरवणारे हात पहिल्याच वर्षी गळतील.

पुढच्या वर्षाच्या दरसूचीचं काम सुरू होईल तेव्हा तीत पाच-सहा बाबी घाला. ट्री गार्ड, रोपांच्या कुंड्या, उताराची माती धरणारी काथ्याची जाळी, कार्यालयांतले ट्रे आणि टोपल्या, सरकारी बैठकांतल्या जेवणासाठी उसाच्या चिपाडाची ताटं, विश्रामगृहांचे सुती पडदे-चादरी. प्रत्येकीला दर, प्रत्येकीला कामगिरीची अट आणि वनस्पतिजन्य अंशाची किमान मर्यादा. त्यासाठी लागणारं दर पृथक्करण आम्ही मजुरीच्या तासांसकट करून देऊ, आपले अभियंते तपासून घेतील. ट्री गार्डबद्दल शंका असेल तर आपण सांगाल त्या रस्त्यावर, आपण निवडाल त्या झाडांना आम्ही आमच्या खर्चाने गार्ड लावून देतो. शेजारच्या झाडांना लोखंडी लावा. तीन पावसाळे दोन्हींची नोंद आपल्या विभागानेच ठेवावी आणि ती जाहीर करावी. पण बाकीच्या बाबी त्या नोंदीसाठी अडवून ठेवू नका.

आपली विश्वासू,
बांबूकाम करणाऱ्या महिला गटाची सचिव,
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग